तारीख मी घेऊन टाकली आहे

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी विषय बदलला असता आणि आईने फोन दादाच्या हातात दिला असता, म्हणून लिहिते आहे. आईच्या ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकली आहे. रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग.

आई, तुझा थायरॉइड ठीक आहे. त्याच्या मागे पॅराथायरॉइड नावाच्या चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक वाढली आहे आणि गरज नसताना हार्मोन सोडत बसली आहे. ते हार्मोन हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतं. मुतखडे, मनगटाचं फ्रॅक्चर, सारखी तहान, ती कंटाळलेली मरगळ... ‘वय झालं आता’ म्हणत तू ज्यावर पांघरूण घातलंस, त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं असणार. कॅल्शियम साधारण 10.5 च्या आत हवं, तुझं 11.6 आहे. मुद्दाम पुन्हा तपासून घेतलं. कॅल्शियम इतकं चढल्यावर ते हार्मोन खाली यायला हवं, तुझं तेही वाढलेलंच.

बाबा, ‘गोळ्यांनी भागत नाही का?’ हे मीही विचारलं. रक्तातलं कॅल्शियम उतरवणारी गोळी आहे, पण ती हाडं सावरत नाही. खडे झालेत, हाड मोडलंय, अशा वेळी ऑपरेशनच करा म्हणतात. आणि गाठ म्हटलं की तुम्हाला आत्या आठवणार, ते मला कळतं. ही तसली नाही. पॅराथायरॉइडमध्ये कॅन्सर शंभरात एकालाही निघत नाही. असं पहिलं ऑपरेशन 1925 साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरवर केलं, तेव्हा कुठे हात घालायचा हेही अंदाजानेच. आईच्या स्कॅनमध्ये गाठ डावीकडे खाली स्वच्छ दिसते. ती काढली की दहा मिनिटांनी तिथेच रक्त तपासतात. हार्मोन निम्म्याखाली उतरलं की काम झालं.

आवाजाची नस तिथेच जवळ असते, हे लपवत नाही. काही दिवस आवाज बसू शकतो, कायमचा बसणं फार क्वचित. म्हणूनच हेच ऑपरेशन नेहमी करणारे सर्जन शोधले. आई, तापात तू गोष्ट सांगायचीस आणि ती संपू नये म्हणून मी झोप आली तरी डोळे उघडे ठेवायचे. तो आवाज मलाही हवा आहे गं.

बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी सोडतील. खोलीत बाबांना आडवं व्हायला वेगळा पलंग आहे, रात्री मी असेन. तुझी चपटी उशी, रेडिओ, जवळचा चष्मा मी घेतला आहे. जिना नाही, लिफ्ट आहे.

आता ऐका. तोवर पाणी भरपूर प्यायचं. कॅल्शियमच्या किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुणी सुचवल्या म्हणून घ्यायच्या नाहीत. बीपीची लघवी वाढवणारी गोळी काहींचं कॅल्शियम चढवते, तेव्हा पाकिटाचा फोटो पाठवा, पण आपल्या मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवायचं, ‘झोपू दे तिला’ चालणार नाही.

आणि बाबा, जुन्या रिपोर्टांची फाइल माळ्यावर आहे. तुम्ही चढू नका, दादाला सांगा. उद्याच.

तुमची,
धाकटी