येरझाऱ्या घालत माझे ऐकणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरबाई,

काल रात्री मी अकराला आडवी झाले ती थेट सकाळी उठले, आणि उठताक्षणी आपली आठवण झाली. समोर येऊन आभार मानायचे तर रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे.

सहा वर्षे दिवस कलला की माझ्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटू लागे आणि पाय हलवल्यावाचून राहवत नसे. आपल्याआधी ज्यांना दाखवले त्यांनी हिमोग्लोबिन ठीक आहे एवढे पाहून फाईल मिटली. एकांनी तर मान वर न करता ‘मन कशात तरी रमवा’ असे सुचवले. ते शब्द फार लागले, कारण पुढे पुढे मलाही तेच खरे वाटू लागले होते.

आपल्यासमोर बसल्यावर मी तीनदा खुर्चीतून उठले आणि तिन्ही वेळा ‘माफ करा’ म्हणाले. त्यावर आपण स्वतः उठलात, ‘चालता चालता सांगा, मीही चालते’ म्हणालात आणि भिंतीपासून दारापर्यंत माझ्याबरोबर येरझाऱ्या घालत सगळे ऐकून घेतलेत. औषधाचा गुण पुढे यथावकाश आला. माझे निम्मे ओझे मात्र तिथेच उतरले होते. समोरच्याचे दुखणे आधी खरे धरायचे आणि मग तपासायचे, एवढा साधा चांगुलपणा किती दुर्मिळ झाला आहे!

मग आपण रक्ततपासणीच्या अहवालात फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा सांगणाऱ्या प्रथिनाच्या, आकड्याभोवती गोल केलात. तो 16 होता, छापील मर्यादेत कसाबसा बसणारा, म्हणून आजवर कोणाच्या नजरेत न भरलेला. पण अशा अस्वस्थ पायांच्या विकारात तो 75 च्या वर असावा असे आपण सांगितलेत. अहवालाच्या कोऱ्या पाठीवर आपण एक दार काढलेत. शरीरात लोह अवघे 3 ते 4 ग्रॅम, त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, म्हणून सारी राखण आत घेतानाच करावी लागते: यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सुटते आणि आतड्याच्या पेशींवरील फेरोपोर्टिन हे दार मिटते. लोहाच्या गोळीनेही हेप्सिडिन वाढते व दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते, म्हणून गोळी दिवसाआड. मला पूर्वी रोज दोन गोळ्या घ्यायला सांगणाऱ्यांनी हे एका वाक्यात समजावले असते, तर पोट बिघडवून घेत मी स्वतःलाच दोष देत बसले नसते.

त्या दाराच्या वर आपण मेंदूसाठी दुसरे, अरुंद दार काढलेत. मेंदू आपले लोह रक्तातून वेगळ्या पहाऱ्याखाली घेतो, त्यामुळे हिमोग्लोबिन उत्तम असतानाही तिथे टंचाई असू शकते; आणि डोपामाइन हे मेंदूतील निरोप्या रसायन घडवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम लोहाशिवाय चालत नाही. ‘हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, मेंदूला लोह कमी पडते आहे,’ असे आपण म्हणालात, तेव्हा मी पहिल्यांदा चालायची थांबले.

तो कागद मी फाईलमध्ये सर्वांत वर लावला आहे, चित्राची बाजू दिसेल असा.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण