डावखुऱ्या मुलांचा हात बदलू नका

माननीय संपादक, स. न. वि. वि.

डावखुऱ्या मुलीला उजव्या हाताने लिहायला लावताना आजही अनेक शाळांत एकच कारण सांगितले जाते, की बाकीची कामे ती उजव्या हाताने करतेच. शिवणवर्गात अनेक वर्षे शिकवल्यानंतर मला हा तर्क मुळातच चुकीचा वाटतो. जमिनीवर पडलेले बटण उचलताना ते ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात आपण सहज पुढे करतो. पण तेच बटण शिवायला बसले, की सुई कोणत्या हातात आणि कापड कोणत्या हातात हे प्रत्येकाचे ठरलेले असते. काम जितके नाजूक, तितकी हाताची निवड पक्की. म्हणूनच एडिंबरा येथे मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्ड यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, माणूस कोणता हात वापरतो हे ठरवणाऱ्या प्रश्नावलीत लिहिणे, कात्री चालवणे, आगपेटीची काडी ओढणे अशा दहा कामांविषयी वेगवेगळे विचारले आहे. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करत, पण लिहितात डाव्या हाताने. तेव्हा एका कामावरून दुसऱ्या कामाचा हात ठरवता येत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या कात्रीत कापड नेहमी चावले जाई आणि मी तिला हयगय करते म्हणून बोलत असे. दोष कात्रीचा होता, हे मला फार उशिरा कळले. नेहमीची कात्री उजव्या हाताने दाबली की तिची पाती एकमेकींवर घट्ट बसतात. डाव्या हाताने दाबली की ती विलग होतात, कापड मधे दुमडते आणि वरचे पाते खडूची रेघ झाकून टाकते. त्या मुलीची हातशिलाई मात्र वर्गात सर्वांत सुबक होती. तिला बोलल्याचे मला आजही वाईट वाटते.

शाळांनी डावखुऱ्यांसाठीच्या दोन-तीन कात्र्या ठेवाव्यात, अशा मुलांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही, आणि वही वरच्या बाजूने थोडी उजवीकडे कलती ठेवायला शिकवावे, म्हणजे ओली शिरोरेघ हाताखाली पुसली जाणार नाही. शिक्षण विभागाने पहिलीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात या गोष्टींचा समावेश करावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिवण शिक्षिका