छर्रा काढायचा की राहू द्यायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमचा बोका मन्या गेल्या पावसाळ्यात लंगडत घरी आला. मांडीवर मसुराच्या दाण्याएवढी खपली, आजूबाजूचे केस चिकटलेले, एवढंच. बोक्यांची मारामारी झाली असेल म्हणून आम्ही जखम पुसून सोडून दिलं. तीन दिवसांनी एक्स-रे काढला, तर हाडाशेजारी पांढराशुभ्र ठिपका. एअरगनचा छर्रा!

शिसं म्हणजे विष, एवढंच माझ्या डोक्यात. "आत्ताच्या आत्ता काढा," असा मी हट्ट धरला. डॉक्टरांनी आधी दुसऱ्या बाजूने एक्स-रे घेतला, कारण एकाच फोटोवरून छर्रा किती खोल आहे ते कळत नाही. तो स्नायूत होता. स्नायूत रुतलेल्या छर्ऱ्याभोवती शरीर स्वतःच घट्ट आवरण तयार करतं आणि शिसं रक्तात फारसं उतरत नाही. काढायचा तर धड स्नायू चिरत शोधावं लागलं असतं, भुलीची जोखीम वेगळीच. आम्ही जखम साफ करून घेतली, औषधाचा कोर्स पूर्ण केला आणि छर्रा राहू दिला.

तोच सांध्यात असता तर काढावाच लागला असता, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळतं. पोटात गेलेलं शिसंही जठरातल्या आम्लात विरघळतं. गिळलेल्या बटण सेलला तर दवाखाना गाठायलाही उशीर करू नये, काही तासांत अन्ननलिका भाजते. आणि मांजराने सुई-दोरा गिळला, दोरा तोंडातून लोंबतोय, तर तो कधीही ओढू नका. आतून आतडं चिरतं.

हे कळकळीने लिहिते, कारण आमच्याच गल्लीत एका कुत्रीच्या खांद्यातला छर्रा घरच्यांनी चिमट्याने उकरला. छर्रा निघालाच नाही. जखमेत पू मात्र झाला आणि बिचारी महिनाभर तीन पायांवर चालली.

छर्रा मारणाऱ्याचं काय? प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! पण प्राण्याला ठार किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून दोन्ही एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. तक्रारीला तर ती लागतातच, आणि छर्रा शरीरात राहिलाय हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला कळायला हवं. मन्याच्या लसीकरणाच्या कार्डावर मी ते लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक वाचक, सातारा