बाबा, तक्रार कुणाच्या नावाने करायची ते सांगते

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
सा. न.

पाडव्याला आई एकटी स्टुलावर चढली आणि गुढी बांधली, हे मला काकांकडून कळलं. बाबा, ती गाडी अ‍ॅक्टिव्हाला धडक देऊन पळाली आणि तुमचा पाय मोडला तेव्हापासून तुम्ही कॉटवरच; खाली पडून "जरा डावीकडे, जरा वर" सांगत होतात म्हणे. फोनवर दोघांनीही मला यातलं काही सांगितलं नाहीत. प्लास्टरचं, बिलांचं, पोलिसांचं विचारलं की बाबा, तुम्ही "झालं ते झालं, तू तिकडचं बघ" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र. कागदावर लिहिलेलं तुम्ही शेवटपर्यंत वाचता, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

मोडलेल्या एफडीचं मला कळलंय. दुसरी मोडायचा विचार चाललाय, तेही कळलंय. ती आईच्या गुडघ्यांसाठी ठेवलेली आहे. बाबा, कृपा करून तिला हात लावू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले, तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते. वर येईपर्यंत तुम्ही "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही" असं सांगून सही करून मोकळे झाला होतात. मी विचारलं तर म्हणालात, नंबर पाहिला नाही, माणूस पाहिला नाही, तक्रार करायची कुणाच्या नावाने? त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आता देते. तक्रार "अज्ञात वाहनचालकाविरुद्ध" करायची असते. पोलीस अशी तक्रार रोज लिहून घेतात. पुढचे सगळे पैसे त्या एका कागदाला बांधलेले आहेत.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर त्यासाठी मोटार वाहन कायद्यात वेगळं कलम आहे, १६१. त्याखाली १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू झाली. माणूस दगावला तर घरच्यांना २ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर जखमीला ५०,००० रुपये. आधी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. गंभीर दुखापत म्हणजे हातपाय तुटायलाच हवा असं नाही. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, आणि तुमच्या नडगीत तर रॉड आहे.

अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्यात, म्हणजे आपल्या तासगावच्या तहसील कचेरीत करायचा. नमुना १ चा अर्ज, नमुना ४ चं हमीपत्र, आधार, पासबुकाची झेरॉक्स, दवाखान्याचे कागद आणि एफआयआरची प्रत. तिथून महिन्याभरात चौकशी अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायला हवी आणि त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे थेट खात्यात यायला हवेत. ही कागदावरची मुदत. प्रत्यक्षात जास्त लागले तरी आपण थांबू, पण अर्जच केला नाही तर कशाची वाट बघायची? ही योजना कुणाला ठाऊकच नसते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की महिन्याभरात गाडीचा तपास लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा त्याच्या वारसांना या भरपाईची लेखी माहिती द्यायची. पण तक्रारच नाही म्हटल्यावर तुम्हाला कोण कळवणार?

तुम्ही म्हणाल, सरकारची मदत आपल्याला कशाला, आपली पेन्शन आहे. बाबा, ही मदत नाही. विमा कंपन्या थर्ड पार्टी विम्याच्या, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या विम्याच्या हप्त्यांतून एक वाटा या निधीत भरतात. म्हणजे आधी लुना आणि मग अ‍ॅक्टिव्हा, इतकी वर्षं एकदाही न चुकवता तुम्ही जो हप्ता भरत आलात, त्यातलाच तो पैसा आहे.

आणि दुसरं, जे तुम्ही बोलला नाहीत पण मला माहीत आहे. "पिकअपवरचा पोरगा असेल, त्याचंही पोट आहे." द्राक्षांच्या दिवसांत रात्रंदिवस गाड्या मारणाऱ्या पोरांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मी लहानपणापासून पाहिलंय, त्यातली निम्मी तुमच्याच वर्गात बसून गेलीत. पण समजा गाडी सापडली, तर भरपाई त्या गाडीच्या विमा कंपनीकडून मागायची असते, त्यासाठीच तर प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा. त्यात दवाखान्याचा खर्च, पुढचे उपचार, सोसलेला त्रास सगळं मागता येतं. आधी मिळालेले ५०,००० मग त्यातून वळते होतात. तुम्ही त्याच्यावर सूड घेताय असं मनात आणू नका. तुम्हाला रस्त्यात तसंच टाकून तो निघून गेला, एवढं तरी कुठेतरी लिहिलं जायला हवं असं मला वाटतं.

आई, आता तुला सांगते. अ‍ॅक्टिव्हाच्या पुढच्या बास्केटमध्ये सापडलेला नारिंगी प्लास्टिकचा तुकडा तू हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलायस ना? बोटाच्या पेराएवढा, एका कडेला वर्तुळासारख्या रेघा आणि मागे चिकटलेली चिमूटभर माती. आपल्या स्कूटरचे इंडिकेटर शाबूत आहेत, म्हणजे तो त्या गाडीचा आहे. तो धुऊ नकोस. बाबांचा सदरा तू धुतलास, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, रक्ताचा कपडा घरात तसाच कसा ठेवणार. पण तुकडा तसाच कागदात गुंडाळून पोलिसांकडे दे आणि दिल्याचं तक्रार अर्जात लिहून घे. काकांना उद्याच नाक्यावरच्या पेट्रोल पंपावर पाठव. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण फार दिवस राहत नाही, त्यावर नवं चढतं. तीन आठवडे झालेत, कदाचित गेलंही असेल, पण विचारायला काय जातंय.

बाबा, पोलिसांकडच्या तक्रार अर्जात खरं तेच लिहायचं. जबाब दिला तेव्हा दुखण्याचं इंजेक्शन देऊन गुंगीत होतो, अज्ञात वाहनाविरुद्ध तक्रार करता येते हे माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर वरच्या कोपऱ्यात एमएलसी नंबर आहे, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवलेल्या केसचा नंबर, तो अर्जात घाला. अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली होती, याचा तो पुरावा आहे. उशीर झालाय, पण उशिराचं कारण लिहिता येतं.

आता मेडिक्लेम. बिल १,८२,००० झालं, कंपनीने १,३७,००० मंजूर केले, ४५,००० आपल्या अंगावर पडले. तुम्हाला वाटलं कंपनीने फसवलं. मी दोन रात्री बसून पॉलिसीचं पुस्तक वाचलं. विमा रक्कम ३ लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. आपण घेतलेली खोली ४,५०० ची. सहा दिवसांचे वरचे ९,००० तर गेलेच, पण खोली जितक्या पटीने महाग, त्या प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकारही कापतात. ७५,००० चे ५०,००० झाले ते असे. औषधं आणि रॉड-स्क्रूला ही कात्री लागत नाही. उरलेले ११,००० हातमोजे, डायपर, फाइल, असल्या किरकोळ गोष्टींचे, ते या पॉलिसीत बसत नाहीत. ती खोली मी निवडली, बाबा. आईला रात्री पाठ टेकता यावी म्हणून. कुणी तरी काउंटरवर सांगितलं असतं तर शेअरिंगची घेतली असती. तिथे त्या क्षणी फक्त डिपॉझिटचं बोलणं होतं.

पण त्या पॉलिसीत अजून पैसे बाकी आहेत. घरी सोडल्यापासून साठ दिवसांपर्यंतचा त्याच दुखण्याचा खर्च मागता येतो. एक्स-रे, ड्रेसिंग, गोळ्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिली असेल तर फिजिओथेरपीही. आई, फिजिओवाल्या ताईंना रोजचे ४०० नुसते हातात देऊ नकोस, पावती घे. डॉक्टरांकडून "फिजिओथेरपी आवश्यक" असं तारखेसह लिहून घ्या. सगळं त्या खाकी पिशवीत ठेव, मी आले की लावून देते.

कुठून मिळणार नाही तेही सांगते, म्हणजे उगाच हेलपाटे नकोत. बँकेतून दरवर्षी २० रुपये कापले जातात ती सुरक्षा विमा योजना मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हाड जुळून आलं तर तिथे काही नाही. अ‍ॅक्टिव्हाच्या पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही तसाच. आणि स्कूटरच्या दुरुस्तीचे पैसे मिळणार नाहीत, कारण आपला नुसता थर्ड पार्टी आहे. तो समोरच्याचं नुकसान भरतो, आपल्या गाडीचं नाही. दुरुस्तीचं मी बघते, त्यावर वाद नको.

एका गोष्टीची मात्र मला फार रुखरुख लागून राहिलीय. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या कुणाही जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे, पळून गेलेल्या गाडीच्या अपघातातही. त्यासाठी योजनेतलं रुग्णालय हवं आणि अपघाताची पोलिसांकडून खात्री व्हावी लागते. आपल्याला हे माहीत नव्हतं, आणि आपण नेलं ते सर्वांत जवळच्या ठिकाणी. ते सात दिवस आता गेले. पुढे आपल्यावर नाही, पण गल्लीत कुणावर वेळ आली तर आधी ११२ लावा आणि या योजनेतला दवाखाना कोणता, ते विचारा.

आई, तू रोज डेअरीत जाताना तोच रस्ता ओलांडतेस, तेही उजाडायच्या आत. बँकेत गेलीस की तुझ्याही खात्यातून ते २० रुपये कापायचा फॉर्म भर. अठरा ते सत्तर वयापर्यंत घेतात, तू चौसष्टची आहेस. बाबांच्या मागे बसतेस तेव्हा मालक-चालकाच्या विम्यात तू येत नाहीस, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी मागे बसणाऱ्याचा विमा वेगळा मागून घेऊ. मेडिक्लेम बंद करू नका, रागाने तर अजिबात नको. जुन्या वर्षांचा फायदा घेऊन तीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते. ३ लाखांच्या वर सुपर टॉप-अपही, म्हणजे त्यापुढचा खर्च भरणारा जोड विमा, घेता येतो, आणि तो नव्या पॉलिसीपेक्षा बराच स्वस्त पडतो. सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. त्याचा हप्ता मी भरणार आहे. बाबा, माझं शिक्षण झालं तेव्हा तुम्ही मला हिशेब विचारला नव्हता.

शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी पहाटे पोचेन. पोलिसांकडचा अर्ज मी इथे टाइप करून आणते, तुम्ही फक्त वाचून सही करायची. काकांना सांगून ठेवलंय, ते गाडी घेऊन येतील, म्हणजे तुम्हाला वॉकर घेऊन पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. ठाण्यात आत नेणं जमलं नाही तर अंमलदारांना गाडीपाशी यायची विनंती करू.

आई, डबी देवघराशेजारी ठेव, शनिवारी शोधाशोध नको. आणि बाबांना सकाळची गोळी खाऊनच घ्यायला लाव, रिकाम्या पोटी घेतात असं काका सांगत होते.

तुमची,
ताई