माळ्यावरच्या जुन्या टेपा भंगारात देऊ नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दिवाळीची साफसफाई आता घरोघरी सुरू होईल, माळे रिकामे होतील, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

मी गेली वीसेक वर्षं ब्रिटिश रॉक बँडचे टीव्हीवरचे जुने परफॉर्मन्स जमवतोय. बीटल्स, स्टोन्स, द हू, पिंक फ्लॉइड, झेपलिन. सगळे विचारतात की यूट्यूबवर सगळंच मिळतं मग जमवायचं काय, पण यातलं कितीतरी आज जगात कुठेच नाहीये, कारण ज्या बीबीसीने ते दाखवलं तिनेच ते पुसून टाकलं. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चमध्ये केलेल्या स्टुडिओतून सुरू झाला, पहिल्याच भागात रोलिंग स्टोन्स होते, आणि तो भाग गेला तो गेलाच. दोन इंची व्हिडिओ टेप तेव्हा भयंकर महाग, त्यामुळे एकदा दाखवून झालं की त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम घ्यायचे, शिवाय कलाकारांच्या संघटनांशी करार असे होते की पुन्हा पुन्हा दाखवता यायचं नाही, आणि रंगीत टीव्ही आल्यावर जुनं ब्लॅक अँड व्हाइट कोण बघणार असंही वाटायचं. हे धोरण बदलायला १९७८ उजाडलं. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

बीटल्स या कार्यक्रमात प्रत्यक्ष आले ते एकदाच, १६ जून १९६६ ला. ती टेपही पुसली. २०१९ मध्ये त्यातले ११ सेकंद सापडले, कुणीतरी घरच्या ८ एमएम कॅमेऱ्याने टीव्हीच्या पडद्यावरून शूट केलेले, आवाज नाही काही नाही, तरी मी ते किती वेळा बघितले असतील सांगता येत नाही.

डेव्हिड बोवी या ब्रिटिश रॉक गायकाची गोष्ट तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जानेवारी १९७३ मध्ये त्याने 'द जीन जिनी' हे गाणं त्याच कार्यक्रमात लाइव्ह गायलं, टेप पुसली गेली, पण जॉन हेन्शॉल नावाच्या कॅमेरामनने त्यात वापरलेल्या फिशआय (चित्र गोल-फुगीर दाखवणाऱ्या) लेन्सचं काम दाखवायला म्हणून स्वतःसाठी एक कॉपी काढून घेतली होती, आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्यांना पत्ताच नव्हता की जगात उरलेली एकमेव कॉपी आपल्याच घरात आहे. २०११ च्या ख्रिसमसच्या सुमारास ती परत टीव्हीवर आली.

आता आपल्याशी याचा संबंध काय? आमचे एक काका सत्तरच्या दशकात बर्मिंगहॅमला होते, परत येताना फिलिप्सच्या चौकोनी जाडजूड व्हिडिओ कॅसेट घेऊन आले, एकावर एक रिळं असलेल्या, ज्या व्हीएचएसच्या मशीनमध्ये जातच नाहीत. ते गेल्यावर 'लागतच नाहीत' म्हणून त्या भंगारवाल्याकडे गेल्या. त्यात काय होतं आता कधीच कळणार नाही. मी तेव्हा लहान होतो, पण त्याचं अजून वाईट वाटतं.

त्या काळात इंग्लंडला राहून आलेली अशी बरीच मराठी घरं आहेत, डॉक्टर, नर्स, इंजिनीअर. त्यांना माझी कळकळीची विनंती की माळ्यावरचे खोके एकदा उघडा. व्हिडिओच पाहिजे असं नाही, टीव्हीसमोर माईक धरून भरलेले स्पूल किंवा साध्या कॅसेटही चालतील, 'डॉक्टर हू' या मालिकेचे जे भाग पुसले गेले त्यांचा आवाज प्रेक्षकांनी असाच घरी भरून ठेवला म्हणून आज एकूण एक भागाचा आवाज शिल्लक आहे. चित्र खराब आहे म्हणूनही टाकू नका, पिंक फ्लॉइडची १९६७ ची एक क्लिप घरगुती रेकॉर्डिंगवरूनच मिळाली, पार खराब झालेली, तरी २०१० मध्ये लंडनला ती बघायला माणसं आली, कारण त्यात बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट दिसतो.

फक्त एक करा, टेप सापडली की लगेच कुठल्याही मशीनमध्ये घालून बघू नका, आपल्या पावसाळी हवेत तिला बुरशी धरते आणि अशी टेप एकदा अडकली की संपलंच. खोक्यावर जे लिहिलंय ते तसंच ठेवा, फोटो काढा, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला कळवा, हरवलेले टीव्ही कार्यक्रम शोधायचं काम ते १९९३ पासून करतायत.

आपला,
एक वाचक, ठाणे