गणपतीच्या सुट्टीत आमच्या स्विचपाशी बसलेल्या दादांना

आदरणीय दादा,

तुम्ही मुंबईला परत गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

देवगडात आमचं ब्रॉडबँडचं छोटं काम. इंटरनेट दोन वाटांनी येतं. एक नांदगाववरून हायवेने, दुसरी कोल्हापूरहून करूळ घाट उतरून. तरी पावसाळ्यात आम्ही बंद पडायचोच. नांदगावपुढे फायबर तुटली तरी इथे मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर साध्या केबलला जोडणाऱ्या डबीचा) दिवा हिरवाच, त्यामुळे स्विचमधला (ट्रॅफिकला वाट दाखवणाऱ्या यंत्रातला) स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून ठेवलेली वाट, जागचा हलायचा नाही. रात्री उठून मी तो हाताने बदलायचो. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवरची आपल्या नेटवर्कची ओळख) आणि 256 आयपींचा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचा, ब्लॉक घेऊन ठेवला होता, पण बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना आपापल्या वाटा सांगायची पद्धत, काही उभं राहत नव्हतं.

ऋषिपंचमीला जेवण आटोपून तुम्ही आलात आणि मी खुर्ची पुढे केली, तर म्हणालात, "माका कीबोर्ड नको, तूच लिव." स्क्रीनवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसत होतं. मी दोन दिवस ते चालू आहे असंच समजत होतो. "चालू न्हय रे, तो अजून दार ठोकता हा," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीने शेजारी (बीजीपीने ज्याच्याशी बोलायचं तो) म्हणून लूपबॅकचा, म्हणजे तिच्या यंत्राच्या आतला, पत्ता दिला होता. तिथे जायचा रूट नव्हता आणि थेट न जोडलेल्या शेजाऱ्याशी बोलू देणारं मल्टिहॉपही लावलेलं नव्हतं. दोन्ही केल्यावर ‘एस्टॅब्लिश्ड’ आलं. तरी आमचा ब्लॉक बाहेर जाईना, म्हणजे जगाला कळेना. मी तो व्हीलॅनांत (एकाच स्विचमधल्या वेगवेगळ्या नेटवर्कांत) तुकडे करून वाटला होता. ब्लॉक जाहीर करणाऱ्या नेटवर्क कमांडला मात्र अख्खा /24, म्हणजे 256 पत्त्यांचा ब्लॉक, रूटिंग टेबलात (वाटांच्या यादीत) जसाच्या तसा हवा असतो. तुम्ही नलकडे, म्हणजे कुठेच न पोचणाऱ्या जागी, जाणारा त्या ब्लॉकचा एक रूट लिहायला लावलात आणि काम झालं.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही फिल्टरवर, म्हणजे कुठले रूट घ्यायचे आणि कुठले सांगायचे त्या नियमांवर, घालवलात. दोन्हीकडून फक्त डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठीची एकच वाट) घ्यायचा, कारण जगाचे दहा लाखांच्या आसपासचे रूट या स्विचच्या मेमरीत मावणार नाहीत. आणि बाहेर फक्त आपला ब्लॉक सांगायचा. 2008 साली पाकिस्तानातून निघालेल्या एका चुकीच्या रूटने जगभर यूट्यूब कसं बंद पडलं, ते सांगून तुम्ही माझ्याकडून प्रीफिक्स लिस्ट, म्हणजे परवानगी असलेल्या ब्लॉकांची यादी, तीनदा वाचून घेतलीत. तेवढं मला कुणी आजवर शिकवलं नव्हतं.

मग होल्ड टाइम, म्हणजे शेजारी गप्प झाल्यावर तो गेला असं धरायच्या आधी थांबायचा वेळ, 180 सेकंदांवरून 30 वर आणलात. दोन टोकांपैकी लहान आकडाच लागू होतो, त्यामुळे कंपनीला फोनसुद्धा करावा लागला नाही. रात्री साडेअकराला नांदगावच्या पोराला पॅचकॉर्ड काढायला लावलीत आणि आपण दोघं घड्याळाकडे बघत बसलो. अठ्ठाविसाव्या सेकंदाला पिंग (वाट चालू आहे का ते तपासणारा संदेश) घाटाच्या वाटेने परत आला. त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री हायवेवर जेसीबीने खरंच फायबर तोडली. मला ते सकाळी लॉग बघून कळलं. रात्रभरात तक्रारीचा एकही फोन नव्हता. घराघरांतल्या आयांनी चाकरमान्यांची मुंबईची बस कुठवर पोचली ते व्हिडिओ कॉलवर विचारून घेतलं होतं.

शिमग्याला तुम्ही येणार असं तुमच्या आई सांगत होत्या. तोवर आयपीव्ही6चं, म्हणजे नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यांचं, बीजीपी सेशन मी उभं करून ठेवतो. त्याचा फिल्टर मात्र तुम्ही वाचून बघा.

तुमचा,
देवगडचा धाकटा भाऊ