विषय : अनुराधपुरला नेऊन बोधिवृक्ष न दाखवल्याबाबत (चौथ्यांदा लिहितोय)

टूर मॅनेजर,

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो, त्यामुळे सप्रेम नमस्कार वगैरे काही नाही. श्रीलंकेची ५ रात्री ६ दिवसवाली टूर, पाचवा दिवस. त्या दिवशी काय काय दाखवायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच छापलंय.

झालं काय तर कँडीहून सातला निघायचं ते नऊला निघालो, मग मातलेला मसाल्याच्या बागेत दोन तास, तिथे एक माणूस आमच्या हातांना तेल चोळत होता आणि तुमचा गाइड काउंटरमागे बसून हिशेब करत होता (कसला हिशेब ते आम्हाला कळत नाही असं समजू नका), मग जेवण, आणि अनुराधपुरला पोचलो पावणेतीनला. रुवनवेलिसाय स्तूपाला मोजून ४० मिनिटं. खांदे-गुडघे झाकलेले लागतात हे कुणी सांगितलं नव्हतं, ग्रुपमधले दोघं हाफ पँटवाले गेटवरूनच परत. चपला बाहेर, फरशी तव्यासारखी तापलेली, माझी आई ७१ वर्षांची. मोजे सोबत ठेवा एवढं व्हॉट्सॲपवर टाकायला काय जात होतं? सकाळी गुड मॉर्निंगचे फुलवाले मेसेज मात्र न चुकता.

तरी आई खूश होती. दुट्ठगामणी राजानं हा स्तूप बांधायला घेतला पण पूर्ण व्हायच्या आत तो मरणाला टेकला, मग भावानं अर्धवट भागावर पांढरं कापड घालून पूर्ण झाल्यासारखा त्याला दाखवला, ही गोष्ट मला आईनं सांगितली. गाइडनं नाही, गाइड बसमध्ये झोपला होता. तुमचं ब्रोशर पण त्या पांढऱ्या कापडासारखंच आहे, फक्त भावानं ते प्रेमानं केलं होतं.

मग "चला चला, उशीर झाला, हॉटेल लांब आहे." बोधिवृक्ष राहिला. जो तिथून चालत १५ मिनिटांवर आहे, वाटेत लोवामहापाय या जुन्या विहाराचे १६०० दगडी खांब लागतात, ते पण राहिले. जेतवन स्तूप बसमधूनच. कुणीतरी विचारलं हे काय, तर गाइड म्हणे "ओल्ड स्तूप." अहो, बांधला तेव्हा १२२ मीटर, गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर तेव्हाच्या जगात त्याच्याएवढं उंच काही नव्हतं, नऊ कोटींवर विटा लागल्यात त्याला. ओल्ड स्तूप! थूपाराम आणि अभयगिरी या स्तूपांचं तर नावही निघालं नाही.

आईनं गाइडला एवढंच विचारलं, झाड कुठल्या बाजूला आहे. त्यानं मोबाइलमधून मान वर न करता हात केला. तिनं त्या बाजूला तोंड करून बसमध्येच हात जोडले. बरोबर बाजू तरी दाखवली होती का, देव जाणे.

आता आजचा फोन. पहिली मुलगी म्हणाली, "सर, सिस्टिममध्ये अनुराधपुर व्हिजिटेड दाखवतंय." मी म्हटलं सिस्टिम गेली असेल, आई नाही गेली. होल्ड. आठ मिनिटं तुमचीच जाहिरात ऐकली. मग सीनियर आल्या. सगळं पहिल्यापासून सांगितलं, शांतपणे सांगितलं, खरंच. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "ॲक्च्युअली सर, तो पिंपळच आहे ना. पिंपळ तर तुमच्याकडे पण असतात."

मला दोन मिनिटं काही सुचेना. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा समुद्रापार घेऊन गेली, देवानंपिय तिस्स राजानं ती लावली, २२०० वर्षांहून जास्त झाली, तिथले लोक अजून जपतात. आणि हे सगळं विकूनच तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेत ना, मग "पिंपळच आहे"?

आणि हो मॅडम, आहे आमच्याकडे पिंपळ. आम्ही नागपूरचे. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच अनुराधपुरच्या झाडाचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथून आणलेला. आई दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याच्याखाली बसते. त्याचं गळून पडलेलं एक पान ती पर्समध्ये घालून घेऊन गेली होती, मूळ झाडाजवळ ठेवायला. ते पान परत आलंय, चुरा होऊन.

तिकिटाचं पण सांगतो, मागच्या तिन्ही मेलमध्ये सांगितलंय तरी. सार्क देशातल्या लोकांना तिथे अर्धं तिकीट आहे, पासपोर्ट दाखवला की झालं. तुम्ही पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवायला लावले आणि फॉरेनरचं पूर्ण तिकीट वसूल केलंत. तेही बसमधून बघितलेल्या स्तूपाचं!

तिकिटाचा फरक आणि त्या दिवसाचे पैसे १५ दिवसांत खात्यात आले पाहिजेत, नाहीतर ग्राहक आयोगात जाणार, बसची वेळ आणि ब्रोशर दोन्हीचे फोटो आहेत माझ्याकडे. कूपन नको. मागच्या वेळी पाठवलेलं ५०० रुपयांचं कूपन ज्यानं पाठवलं त्यालाच द्या, मसाल्याच्या बागेत वापरेल. आणि त्या पिंपळवाल्या मॅडमनी आईला स्वतः फोन करून सॉरी म्हणायचं, मला नाही, आईला. दुपारी एक ते तीन ती झोपते, तेव्हा करू नका.